पालकवर्ग आणि वारसा

आपल्या शाळेच्या सूचनाफलकावर 'पालकवर्गास नम्र विनंती' अशा शब्दांनी सुरू होणारी सूचना वर्षातून चार-सहा वेळा तरी लागते. त्यामुळे संगणकाच्या तासाला मी फळ्यावर 'पालकवर्ग' हा शब्द लिहिताच मुलांत हशा पिकला, यात नवल नव्हते. त्याच्या जोडीने येणाऱ्या दुसऱ्या शब्दाचे भाषांतर मी 'बालवर्ग' असे केले असते, तर तो तास तेथेच आटोपला असता. म्हणून तेथे 'अपत्यवर्ग' असे लिहिले. हसणे ओसरल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने मात्र असा प्रश्न विचारला की, त्याचे उत्तर देण्यास एक तास पुरला नाही. तो म्हणाला, "सर, बाप हयात असताना मुलाला वारसा कसा मिळेल? उताऱ्यावर नाव तर नंतर लागते."

प्रश्न शेतकऱ्याच्या घरातून आलेला होता आणि तो रास्त होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे जरा सावकाशीने दिलेले उत्तर होय.

'वर्ग' या शब्दाला मराठीत आधीच पुष्कळ ओझे वाहावे लागते. ज्यात आपण बसतो तो वर्ग, गणितात संख्येला तिच्याच संख्येने गुणून येतो तो वर्ग, आणि समाजात श्रमिकांचा असतो तोही वर्गच. संगणकाची आज्ञावली लिहिणारे लोक हा शब्द चौथ्या अर्थाने वापरतात. एका जातीच्या सर्व वस्तूंचे समान वर्णन, म्हणजे त्या प्रत्येकीजवळ कोणती माहिती असते आणि तिला कोणत्या क्रिया करता येतात याचा एकदाच लिहून ठेवलेला आराखडा, म्हणजे त्यांचा वर्ग. वर्ग हा केवळ आराखडा होय. प्रत्यक्ष नांदते ती वस्तू.

हा भेद समजण्यासाठी लांब जावयास नको. निपाणीहून कोल्हापूरकडे निघालो की, कागलच्या अलीकडे कोगनोळीचा टोलनाका लागतो. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ होय; वडीलधारी मंडळी अजूनही त्यास जुन्या क्रमांकाने 'एन. एच. ४' म्हणतात. नाक्यापुढील रांगेत 'केए २२' ने सुरू होणारा बेळगावचा क्रमांक लावलेली मोटार उभी आहे, तिच्यामागे 'केए २३' ची चिकोडीकडील मालमोटार आहे, आणि त्यामागे 'एमएच ०९' ची कोल्हापूरची दुसरी मोटार आहे. या दोन्ही मोटारींचा वर्ग एक, 'मोटार'. पण वस्तू दोन, कारण प्रत्येकीचा क्रमांक निराळा, नाक्यावर येण्याची वेळ निराळी. वर्गात 'क्रमांक' एवढेच लिहिलेले असते. तो कोणता, हे वस्तू सांगते.

आता या नाक्यासाठी एक लहानशी आज्ञावली आपणच लिहावयाची आहे असे समजू. (खऱ्या नाक्यावरील आज्ञावली कशी लिहिली आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.) राष्ट्रीय महामार्गावरील दरपत्रकात मोटार व जीप, हलकी मालवाहू वाहने व लहान बस, बस व दोन आसांची मालमोटार, तीन आसांची, चार ते सहा आसांची, आणि सात किंवा अधिक आसांची वाहने असे सहा प्रकार असतात. नवशिका काय करतो? तो सहा वर्ग लिहितो. प्रत्येकात क्रमांक लिहितो, वेळ लिहितो, पावती छापण्याची क्रिया लिहितो. पहिला वर्ग लिहावयास अर्धा तास लागला तरी उरलेले पाच नक्कल करून पाच मिनिटांत होतात, आणि त्याला आपण मोठे काम उरकले असे वाटते.

त्याच्या या आनंदाची किंमत पुढे मोजावी लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशभरातील अशा नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. मोटारीच्या पुढील काचेवर चिकटविलेल्या पट्टीवरून पैसे परस्पर वळते होऊ लागले, आणि पट्टी नसलेल्याकडून दुप्पट घेण्याचा नियम आला. आपल्या नवशिक्याला आता पावतीची क्रिया सहा ठिकाणी बदलली पाहिजे. पाच ठिकाणी त्याने ती बदलली आणि सहाव्या ठिकाणी विसरला, तर आज्ञावली कोणतीही तक्रार करणार नाही. फक्त एका प्रकारच्या गाड्यांना चुकीची पावती मिळत राहील, आणि ती चूक महिन्याच्या हिशेबात सापडेल किंवा सापडणारही नाही. नकलेत हा धोका नेहमीचाच आहे. एकच गोष्ट सहा ठिकाणी लिहिली म्हणजे तिच्यात सहा निरनिराळ्या गोष्टी होण्याची सोय आपण करून ठेवतो.

यावर तोड अशी की, जे सर्वांस समान आहे ते एका वरच्या वर्गात एकदाच लिहावे, आणि खालच्या वर्गांनी फक्त आपले वेगळेपण सांगावे. मराठीत मांडावयाचे तर ते असे दिसेल (दर केवळ समजण्यापुरते आहेत):

वर्ग वाहन
— क्रमांक, वेळ, दर
— क्रिया टोल : दर सांगा
— क्रिया पावती : क्रमांक, वेळ आणि टोल छापा

वर्ग मोटार, पालक वाहन
— दर १००

वर्ग बस, पालक वाहन
— दर ३५०
— आसने

वर्ग दुचाकी, पालक वाहन
— क्रिया टोल : ० सांगा

'मोटार' या वर्गात पावतीचा एक शब्दही नाही; तरी मोटारीची पावती निघते, कारण ती क्रिया तिला पालकाकडून मिळालेली आहे. 'बस' वर्गाने पालकाचे सर्व घेऊन 'आसने' ही स्वतःची भर घातली आहे. दुचाकीने तर पालकाची एक क्रिया बाजूस सारून तेथे स्वतःची ठेवली. महामार्गावर दुचाकीस टोल नसतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. घेणे, भर घालणे आणि बदलणे, एवढे तीनच व्यवहार अपत्यास करता येतात. पालकाचे काही नाकारणे हा चौथा व्यवहार येथे नाही, आणि त्यावरूनच पुढे घोटाळे होतात.

या आज्ञावलीत एक गंमत दडलेली आहे आणि विद्यार्थ्यांनी तेथे थोडे थांबावे. 'पावती' ही क्रिया पालकवर्गात लिहिलेली आहे. ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुचाकी नव्हती. कदाचित दुचाकीचा वर्ग त्यानंतर वर्षभराने कोणी दुसऱ्याने लिहिला असेल. तरीही रांगेत दुचाकी आली की, पालकाची 'पावती' चालू होते, ती 'टोल किती?' असे विचारते, आणि त्या क्षणी उत्तर पालकाचे येत नाही, दुचाकीचे येते : शून्य. पावतीची रीत थोरल्याची, पण तीत भरावयाची रक्कम धाकट्याची. उभ्या असलेल्या वस्तूचा खरा वर्ग कोणता हे आज्ञावली चालत असताना पाहून त्याप्रमाणे क्रिया निवडली जाते. नाक्यावरील खिडकीला 'ही मोटार का बस का दुचाकी' अशी चौकशी करीत बसावे लागत नाही. तिच्या दृष्टीने रांगेत फक्त वाहने आहेत. उद्या एखाद्या नव्याच जातीचे वाहन निघाले तर त्याचा वर्ग तेवढा लिहावा. खिडकीच्या आज्ञावलीस हातही लावावा लागू नये. वारसा या कल्पनेचे खरे बळ श्रम वाचविण्यात नसून येथे आहे, असे मला वाटते.

विशेष असे की, टोलनाक्याचे हे उदाहरण मी कोगनोळी जवळ आहे म्हणून घेतले असले तरी ते या कल्पनेच्या जन्मकथेतच आहे. नॉर्वे देशाची राजधानी ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार हे दोघे शास्त्रज्ञ १९६० नंतरच्या दशकात 'सिम्युला' नावाची संगणकभाषा घडवीत होते. रहदारी, रांगा, कारखान्यातील कामाचा ओघ अशा गोष्टींचे चित्र संगणकात उभे करावे हा तिचा हेतू होता. पुलावरील टोलनाका आणि त्यापुढे उभी असलेली मालमोटारी व बसगाड्यांची रांग, असे एक उदाहरण त्यांच्या विचारात होते. रांग तर एकच. पण तीत उभी असलेली वाहने भिन्न जातींची. मग ती रांग कोणाची म्हणावयाची? मालमोटारींची म्हणावी तर बस तीत बसत नाही, आणि प्रत्येक जातीची निराळी रांग करावी तर ते खऱ्या नाक्याचे चित्रच राहत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६६ साली फ्रान्समधील एका उन्हाळी वर्गात उपवर्गांची कल्पना मांडली होती. तिचा या दोघांना उपयोग झाला. १९६७ साली सिद्ध झालेल्या 'सिम्युला ६७' मध्ये वर्ग, उपवर्ग आणि अपत्याने बदलता येण्याजोग्या क्रिया या तिन्ही गोष्टी होत्या. या कार्याबद्दल २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक दोघांस मिळाले, आणि २००२ साली थोड्याच अंतराने दोघेही निवर्तले.

त्यांनी आपल्या कल्पनेस 'वारसा' असे नाव दिलेलेच नव्हते. नव्या वर्गाच्या नावाआधी जुन्या वर्गाचे नाव लिहावयाचे, एवढीच त्यांची रीत. म्हणून ते त्यास उपसर्ग म्हणत. 'हार' या शब्दास प्र, आ, वि हे उपसर्ग लावून आपण प्रहार, आहार, विहार करतो, तशातला हा प्रकार. वारशाची भाषा रूढ झाली ती पुढे अमेरिकेत, 'स्मॉलटॉक' या भाषेच्या १९७६ सालच्या आवृत्तीच्या सुमारास. त्यानंतर डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्रूस्ट्रूप यांनी सिम्युलाचा अनुभव गाठीशी घेऊन १९७९ पासून जी भाषा रचली ती आज 'सी प्लस प्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. १९९५ साली 'जावा' आली. बेळगाव येथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या महाविद्यालयांत आपल्यापैकी जे जातील, त्यांना या भाषा भेटतीलच.

तेव्हा मागच्या बाकावरील विद्यार्थ्याची शंका एका अर्थी उपमेविषयी होती, मूळ कल्पनेविषयी नव्हे. तरी उपमा पडताळून पाहण्यास हरकत नाही. बाप हयात असताना मुलाचा हक्क असतो का, या प्रश्नावर आपल्या धर्मशास्त्रकारांतही दोन पक्ष होते. आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण येथे, म्हणजे चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या राजधानीत, विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. तिच्या मते वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बंगालमधील 'दायभाग' या ग्रंथाचे मत याउलट : बापाच्या पश्चातच हक्क. (२००५ सालच्या कायदादुरुस्तीने मिताक्षरेखालील हा जन्मसिद्ध हक्क कन्येलाही समान मिळाला आहे.) संगणकातील वारसा मिताक्षरेच्या पक्षाचा आहे. अपत्यवर्ग जन्मला त्या क्षणी पालकाचे सर्व त्याचे होते, आणि पालक हयातच असतो.

उपमा येथवर चालते. पुढे मात्र ती सोडून द्यावी. कारण आठ एकर तंबाखूच्या रानाला चार वारस असतील तर प्रत्येकास दोन एकर येते, आणि बांधावरून भांडण होते ते निराळेच. वर्गाच्या वारशाची वाटणी होत नाही. अपत्ये चार असोत की चाळीस, प्रत्येकास आठच्या आठ एकर मिळते आणि पालकाचेही काही कमी होत नाही. शिवाय वाटणी झाल्यावर बापाने आपल्या हिश्शात विहीर खणली तर मुलाच्या रानात पाणी येत नाही. येथे पालकवर्गात खणलेली विहीर त्याच क्षणी सर्व अपत्यांच्या रानात दिसू लागते. पावतीची क्रिया एकदा बदलली की सहाही वर्गांची पावती बदलते, ती यामुळेच.

परंतु विहिरीत पाणी खारट लागले तर? तेही सर्वांच्याच रानात येणार. समजा, फास्टॅग आल्यानंतर कोणी उत्साही लेखकाने 'वाहन' या पालकवर्गाच्या पावतीत एक ओळ घातली : 'फास्टॅगचा क्रमांक छापा.' मोटारींच्या पावत्या उत्तम निघू लागल्या. नंतर रांगेत दुचाकी आली. दुचाकीवर फास्टॅग नसतो. आज्ञावली नसलेला क्रमांक शोधू लागली आणि तेथेच अडली. मागे रांग वाढत गेली. दुचाकीच्या वर्गात कोणी एक अक्षरही बदलले नव्हते, तिचा लेखक आपल्या घरी निश्चिंत होता. चूक झाली ती वर, दुखले ते खाली. म्हणूनच पालकवर्गात जे लिहावयाचे ते आज असलेल्या व उद्या येणाऱ्या प्रत्येक अपत्यास लागू पडते ना, हे लिहिणाऱ्याने आधी पाहिले पाहिजे. बार्बरा लिस्कोव्ह या अमेरिकन विदुषीने १९८७ सालच्या एका व्याख्यानात हीच कसोटी मांडली : जेथे पालकाची अपेक्षा आहे तेथे कोणतेही अपत्य आणून उभे केले तरी काम बिघडता कामा नये. बिघडत असेल, तर नाते जोडण्यातच चूक आहे.

नाते जोडण्यात मुले कोठे चुकतात, हे मी वर्गात पाहिले आहे. गळिताच्या हंगामात आपल्याकडील रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर चाललेले असतात. एका गटाने 'ट्रॉली' हा 'ट्रॅक्टर'चा अपत्यवर्ग केला. का? तर ती नेहमी त्याच्या मागून येते! मागून येणारे ते अपत्य, हा तर्क ऐकावयास गोड आहे. पण मग ट्रॅक्टरची 'इंजिन सुरू करा' ही क्रिया ट्रॉलीलाही मिळाली, आणि नाकारण्याची तर सोय नाही.

ही चूक टाळण्यास मराठी व्याकरणाचा तास उपयोगी पडतो. आपल्या भाषेत 'आहे' हे क्रियापद दोन्हीकडे चालते, म्हणून फसगत होते. 'बस हे वाहन आहे' आणि 'बसला आसने आहेत', दोन्ही वाक्यांत 'आहे'च. मग क्रियापदाकडे न पाहता विभक्तीकडे पाहावे. पहिल्या वाक्यात 'बस' आणि 'वाहन' दोन्ही नामे प्रथमेत आहेत. तेथे नाते प्रकाराचे आहे, वारसा योग्य. दुसऱ्यात बसला 'ला' प्रत्यय लागला. तेथे नाते बाळगण्याचे आहे, वारसा अयोग्य. 'ट्रॉली हा ट्रॅक्टर आहे' असे कोणी म्हणत नाही. 'ट्रॅक्टरला ट्रॉली आहे' असे म्हणतो. म्हणून ट्रॅक्टरच्या वर्णनात 'जोडलेल्या ट्रॉल्या' अशी एक नोंद ठेवावी आणि ट्रॉलीचा वर्ग स्वतंत्र लिहावा. अनुभवी आज्ञावलीकारही, शंका असेल तेथे वारशापेक्षा अशी जोडणीच बरी, असे सांगतात.

दोन पालकांचा प्रश्न मी थोडक्यातच सांगतो. माणसेही नेणारी आणि मालही नेणारी गाडी 'बस' आणि 'मालमोटार' या दोघांचे अपत्य मानावी काय? तसे केले तर दोन वाटांनी 'वाहन' हा आजोबा दोनदा येतो, आणि दोन्ही पालकांच्या 'टोल' क्रिया निराळ्या असतील तर कोणाची ऐकावी हे संगणकास कळत नाही. सी प्लस प्लस भाषा हे नियम घालून चालू देते. जावाने वर्गास एकच पालक ठेवला. आपल्या सीमाभागातील मूल घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलते, कोणाशी काय बोलावे हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. यंत्राला ते सांगावे लागते.

वर दिलेली आज्ञावली ज्यांना खरोखर चालवून पाहावयाची असेल, त्यांनी 'पायथॉन' भाषा घ्यावी. २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून वर्गांची व क्रियांची नावे देवनागरीत लिहिता येतात. भाषेचे मोजके राखीव शब्द तेवढे इंग्रजी राहतात. 'वाहन', 'बस', 'दुचाकी' ही नावे तशीच टंकावीत.

आणि ज्यांनी ती चालविली त्यांच्यासाठी त्याच मागच्या बाकावरून आलेला दुसरा प्रश्न येथे नोंदवून ठेवतो. एक मालमोटार नव्या कोऱ्या वीस दुचाकी भरून कोगनोळीच्या नाक्यावर आली. त्या दुचाकी 'वाहन' आहेत ना? मग रांगेत वाहने किती, आणि पावत्या किती? वर्गाने या प्रश्नावर दोन गट करून बराच वेळ वाद घातला. शेवटी एका मुलीने फळ्यावर 'मालमोटारीला माल आहे' असे लिहिले, आणि 'ला' या अक्षराखाली रेघ ओढली.